तीन तासांचे सूर

एक साधा प्रयोग करून पाहा. आवडतं जुनं गाणं मनातल्या मनात सुरू करा. मुखडा झाला, अंतऱ्याला अजून वेळ आहे. त्या मधल्या जागेत तुम्ही गप्प बसत नाही. ॲकॉर्डियनची गिरकी, बासरीचा तुकडा, व्हायोलिनची लाट, काहीतरी तोंडातून निघतंच, आणि तेही शब्दांइतकंच पाठ असतं. गाणारं कोण, चाल कुणाची, शब्द कुणाचे, हे चटकन सांगता येतं. तो तुकडा वाजवला कुणी, तिथे मात्र आपण अडतो.

१९७० च्या दशकातल्या ब्रिटिश पॉप गाण्यांबाबत असं अडायला फार जागा आहेत. गेरी रॅफर्टीचं ‘बेकर स्ट्रीट’ घ्या. १९७८ साली आलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर चढलं. आज ते कुणी गुणगुणायला लागलं की आधी शब्द येत नाहीत, सॅक्सोफोन येतो. तो वाजवला राफेल रॅव्हन्सक्रॉफ्टने. त्याला २७ पौंड मिळाले आणि तो चेकही वटला नाही, अशी कथा त्या तुकड्याला कायमची चिकटली आहे. चेकचं खरंखोटं बाजूला ठेवू. २७ पौंड हा आकडा ऐकून लोक हळहळतात, तिथेच एक गैरसमज आहे. तो त्या सुरावटीचा भाव नव्हता. तो तीन तासांचा भाव होता.

गवंड्याची मजुरी

ब्रिटनमध्ये वादकांची म्युझिशियन्स युनियन ही संघटना चांगलीच दणकट होती. रेकॉर्ड कंपन्यांशी तिने ठरवून घेतलेला हिशोब असा: कामाचं माप म्हणजे एक सेशन, सेशन म्हणजे तीन तास, आणि त्या तीन तासांत जास्तीत जास्त वीस मिनिटांचं संगीत रेकॉर्डसाठी घ्यायचं. सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच, संध्याकाळी सात ते दहा. मधल्या वेळात टॅक्सी पकडून पुढचा स्टुडिओ गाठायचा. सोहोच्या बोळातला ट्रायडंट, हॉलंड पार्कमधला लॅन्सडाउन, सेंट जॉन्स वुडमधला ॲबी रोड, नदीपलीकडचा ऑलिंपिक, असा हा रोजचा फेरा असे. या लोकांना म्हणत सेशन म्युझिशियन. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी एखाद्या प्रेमगीताचं ध्वनिमुद्रण आणि रात्री सिनेमाचं पार्श्वसंगीत, असा दिवस त्यांना नवा नव्हता.

कुणाला बोलवायचं ते ठरवणारा एक माणूस मधे असे. त्याला तिथे ‘फिक्सर’ म्हणत. क्रिकेटमुळे आपल्याकडे हा शब्द बदनाम आहे, पण लंडनचा फिक्सर म्हणजे आपला मुकादम. उद्या दहा वाजता आठ व्हायोलिनं, दोन चेलो आणि एक ड्रमर हवा, असा निरोप आला की त्याने फोन फिरवायचे. त्याच्या यादीत नाव असेल तर घर चालतं. एकदा उशिरा पोहोचलात किंवा एखादी ओळ चारदा चुकवलीत, तर कुणी रागावत नसे. पुन्हा फोन येत नसे, एवढंच.

आता गवंड्याचा विचार करा. त्याने बांधलेल्या घराचं भाडं मालक पन्नास वर्षं खातो. गवंड्याला त्या दिवसाची मजुरी मिळते आणि हिशोब संपतो. सेशनवाल्यांचं तसंच होतं. रेकॉर्ड लाखांनी खपली तरी तेच पैसे, आणि कुत्र्यानेही विचारली नाही तरी तेच. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. निघालेल्या रेकॉर्डांपैकी बहुतेक सपशेल आपटत, आणि त्या प्रत्येक अपयशाचेही पैसे वादकाच्या खिशात पडलेले असत. १९७३ च्या सुमारास लंडनमध्ये गाणाऱ्या मुलीला एका सेशनचे साधारण १५ पौंड मिळत. तेव्हा कारखान्यातल्या पुरुष कामगाराचा आठवड्याचा पगार ४० पौंडांच्या आसपास होता. म्हणजे तीन सेशनांचा एक दिवस जमला की कामगाराचा आठवडा हातात. या लोकांना बिचारे म्हणण्याआधी एवढं गणित करून घ्यावं.

पण १५ वरून पाच वर्षांत २७, म्हणजे चांगलीच वाढ झाली, असंही वाटू देऊ नका. गायक आणि वादक यांचे दर वेगळे असत हे धरलं तरी, त्या पाच वर्षांत ब्रिटनमध्ये महागाईने किमती दुपटीवर नेल्या होत्या. दर वाढला, पण बाजाराची पिशवी होती तेवढीच भरत राहिली. कदाचित थोडी कमीच.

ठिपके आणि रिकाम्या जागा

तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची तर तालमीला वेळ कुठला? म्हणून पहिलं कौशल्य म्हणजे लिहिलेलं नोटेशन समोर आल्याबरोबर वाजवणं. आपण अनोळखी माणसाचं पत्र उचलून अर्थासकट, विरामांसकट मोठ्याने वाचून दाखवावं, तसं. लंडनचे वादक नोटेशनला ‘डॉट्स’ म्हणत, म्हणजे ठिपके. ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण यावी असाच शब्द आहे. ठिपके मांडायचे अरेंजरने, आणि त्यावरून बोट फिरवायचं वादकाने.

सगळेच ठिपके मांडलेले नसत, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. व्हायोलिनवाल्यांसमोर एकेक सूर लिहिलेला असे, कारण आठ जणांनी एकच वाजवायचं असतं. पण गिटार, बास आणि ड्रम यांच्यासमोर बरेचदा फक्त कॉर्डची नावं लिहिलेला कागद येई. इथे ही सुरांची जुडी, तिथे ती; मधलं तुमचं तुम्ही बघा.

लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ १९७२ मध्ये ट्रायडंट स्टुडिओत झालं. रीड न्यूयॉर्कचा, निर्माते डेव्हिड बोवी आणि मिक रॉन्सन इंग्लंडचे, आणि बासला हर्बी फ्लॉवर्स. फ्लॉवर्स हवाई दलाच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवून आलेला माणूस. त्याने आधी उभा डबल बास वाजवला, सूर घसरवत, आळसावल्यासारखा. मग त्याच टेपवर इलेक्ट्रिक बासने दुसरी ओळ चढवली, पहिल्या सुरापासून दहाव्या सुरावर. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली सा धरला असेल तर वर तार सप्तकातला ग. मधे एवढी मोकळी जागा राहिल्यामुळे दोन बास एकमेकांच्या पायात येत नाहीत आणि एखादं मोठं जनावर सावकाश झोके घेत चालल्यासारखी चाल तयार होते. गाण्याची सगळी ओळख त्या चालीत आहे.

हे सुचलं कसं? युनियनच्या नियमांत एक तरतूद होती: एकाच सेशनमध्ये दोन वाद्यं वाजवली तर जास्तीचे पैसे. फ्लॉवर्स स्वतः हसत हसत कबूल करायचा की दुसऱ्या बासमागे हाही विचार होता. दोन्ही वाद्यांचे मिळून १७ पौंड मिळाल्याचं सांगितलं जातं. कलेचा जन्म वेदनेतून होतो वगैरे आपण वाचतो. हा जन्म युनियनच्या दरपत्रकातून झाला आणि त्यात काही कमी पडलं नाही. गाण्याच्या शेवटी येणारा जाड आवाजाचा सॅक्सोफोन रॉनी रॉसचा. बोवीला पोरवयात सॅक्सोफोन शिकवणारे मास्तर तेच.

एक गळा, चार ग्रुप

वादकांचं ठीक आहे, ते मागे असतात. पण मुख्य गायकच निनावी असला तर?

१९७० च्या पहिल्या काही महिन्यांत ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत चार वेगवेगळ्या नव्या ग्रुपची गाणी येऊन गेली. एडिसन लाइटहाउसचं ‘लव्ह ग्रोज’ तर पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शिवाय व्हाइट प्लेन्स, ब्रदरहुड ऑफ मॅन आणि पिपकिन्स. चारही गाण्यांत टोनी बरोज हा एकच माणूस गात होता, कुठे एकटा पुढे, कुठे इतरांबरोबर. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात तो एकाहून अधिक ग्रुपमधून उभा राहिलेला दिसला. गावच्या नाटकात एकाच नटाने मिशी बदलून राजा, हवालदार आणि सासरा करावा, तसं.

असं का होत होतं, ते गाणं तयार होण्याचा क्रम पाहिला की कळतं. आपल्याला वाटतं, आधी ग्रुप असतो, मग तो गाणं करतो. इथे क्रम उलटा होता. गीतकार-संगीतकारांची जोडी आधी गाणं रचायची. ‘लव्ह ग्रोज’ टोनी मॅकॉले आणि बॅरी मेसन यांचं. मग तीन तासांचं सेशन लावायचं, खात्रीचे वादक आणि खात्रीचा गळा बोलवायचा, आणि रेकॉर्डवर एक काल्पनिक नाव छापायचं. गाणं चाललं नाही तर ते नाव तिथेच पुरायचं. चाललं तर मात्र धावाधाव, कारण आता टीव्हीवर आणि गावोगावच्या कार्यक्रमांत दाखवायला खरीखुरी माणसं हवीत. मग तयार बँड पकडून त्याच्या गळ्यात ते नाव अडकवायचं. ग्रुपचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. ब्रदरहुड ऑफ मॅनने १९७६ मध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, तेव्हा पाटी तीच होती आणि १९७० च्या गायकांपैकी एकही जण आत नव्हता.

खरेखुरे ग्रुपही यातून सुटले नाहीत. ‘द स्वीट’ हा पुढे दणदणीत रॉकसाठी गाजलेला बँड. त्याच्या ‘फनी फनी’ आणि ‘को-को’ या सुरुवातीच्या गाण्यांत बँडची मुलं फक्त गायली. वाद्यं सेशनवाल्यांनी वाजवली. मुलांना वाजवता येत नव्हतं असं नाही. निर्मात्याला तीन तासांत काम संपवायचं होतं आणि स्टुडिओचं भाडं तासावर चढत होतं.

बरोजला स्वतःच्या नावाने असं यश कधी मिळालं नाही. १९७४ मध्ये ‘फर्स्ट क्लास’ या आणखी एका पाटीमागून त्याने ‘बीच बेबी’ गायलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या आठवणींचं, लंडनच्या स्टुडिओत बनलेलं हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. अमेरिकन लोकांना त्यांच्याच समुद्राची आठवण एक्झेटरचा एक माणूस करून देत होता.

टीना चार्ल्सची गोष्ट जास्त बोचरी आहे. १९७५ मध्ये फाइव्ह थाउजंड व्होल्ट्सच्या ‘आय ॲम ऑन फायर’मध्ये आवाज तिचा, आणि टीव्हीवर पुढे उभी होती दुसरीच, लुआन पीटर्स. पडद्यावर एकीचे ओठ आणि मागे दुसरीचा गळा, हे आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे गाणाऱ्या बाईचं नाव निदान रेकॉर्डवर छापलं जायचं. टीनाला फार थांबावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी ‘आय लव्ह टू लव्ह’ तिच्या नावावर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या रेकॉर्डचा निर्माता बंगळूरहून लंडनला गेलेला बिद्दू.

शेवटची दहा मिनिटं

बिद्दू हे नाव आपल्याकडे ‘कुर्बानी’तल्या ‘आप जैसा कोई’मुळे घरोघरी पोहोचलं. त्याआधीचा त्याचा सगळ्यात मोठा हिट कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’, १९७४ सालचा, ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला. डग्लस मूळचा जमैकाचा. सेशन तीन तासांचं ठरलं होतं, आणि त्यातले दोन तासांहून जास्त रेकॉर्डच्या मुख्य बाजूवर गेले. मागच्या बाजूला काहीतरी भरणं भाग होतं. डग्लसच्या खिशात काही ओळी होत्या, त्यांतली ही एक निवडली. उरलेल्या दहा मिनिटांत, दोनेक टेकमध्ये, गंमत म्हणून ती उरकली, असं बिद्दू सांगत आला आहे. कंपनीने ऐकून बाजू बदलल्या.

हे घडू शकलं ते समोरच्या माणसांमुळे. दहा मिनिटं उरलेली असताना चाल समजावून सांगावी आणि दुसऱ्या टेकला ती टेपवर पक्की व्हावी, यासाठी आयुष्यभर तेच केलेले हात लागतात. असा एक हात क्लेम कॅटिनीचा. जॉनी किडच्या १९६० च्या ‘शेकिन ऑल ओव्हर’पासून सुरुवात करून ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकावर गेलेल्या चाळीसहून अधिक गाण्यांत त्याचे ड्रम आहेत. एवढे पहिले क्रमांक बीटल्सच्याही वाट्याला आले नाहीत. रस्त्यात त्याला ओळखणारं मात्र कुणी नव्हतं.

‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या वाद्यवृंदातही कॅटिनी होता, आणि त्या वाद्यवृंदामागेही युनियनच होती. कलाकाराने रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले तर वादकांच्या पोटावर पाय येतो, म्हणून नियम असा की कार्यक्रमासाठी साथ नव्याने ध्वनिमुद्रित करा, नाहीतर जॉनी पिअर्सनच्या वाद्यवृंदासोबत आणि लेडीबर्ड्स या तीन मुलींच्या कोरससोबत तिथेच गा. तीन महिने खपून बनवलेली रेकॉर्ड तीन तासांत पुन्हा कशी बनवणार? मग सेशनचं नाटक व्हायचं, युनियनचा माणूस कुणाबरोबर तरी पबकडे वळायचा, आणि तेवढ्यात जुनी टेप नव्या डब्यात जायची. त्या काळचे निर्माते हे किस्से मिटक्या मारत सांगतात.

झील धरणाऱ्या

शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. पोवाड्याला जोर त्यांच्यामुळे चढतो आणि त्यांची नावं कुणी विचारत नाही. लंडनमध्ये ही जागा बहुतांशी बायकांची होती, आणि त्या तिथवर पोहोचल्या त्या वाटा मोठ्या गमतीदार आहेत. लिव्हरपूलमध्ये व्हर्नन्स नावाची फुटबॉलच्या पैजा घेणारी कंपनी होती. तिथल्या नोकरदार मुलींचा एक गायनवृंद होता. तो टीव्हीवर आला, व्हर्नन्स गर्ल्स म्हणून गाजला, आणि पुढे त्यातल्याच मुलींमधून ब्रेकअवेज आणि लेडीबर्ड्स असे कोरसचे संच निघाले. पैजांची कुपनं मोजणाऱ्या कंपनीने अर्ध्या ब्रिटिश पॉपला मागचे आवाज पुरवले म्हणायचे.

दुसरी वाट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आली. मॅडलिन बेल न्यू जर्सीची. १९६२ मध्ये ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ या भक्तिगीतांच्या कार्यक्रमाबरोबर ती इंग्लंडला आली आणि तिथेच राहिली. तिच्यासारख्या गळ्यांनी इंग्रज पॉपला एक वजन दिलं. पुढे तिने, फ्लॉवर्सने आणि आणखी काही सेशनवाल्यांनी मिळून ‘ब्लू मिंक’ हा स्वतःचाच ग्रुप काढला, आणि तो चाललाही. पण त्यातल्या कुणीही सेशनं सोडली नाहीत. हिट आज आहे, उद्या नाही. फिक्सरचा फोन मात्र रोज येतो.

मागच्या रांगेतून पुढे येणं म्हणूनच एकदाच चढायच्या जिन्यासारखं नव्हतं. सनी लेस्ली १९७४ मध्ये ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’ घेऊन सातव्या क्रमांकावर आली आणि पुन्हा मागे गेली. लेस्ली डंकनने लिहिलेलं गाणं एल्टन जॉनने आपल्या रेकॉर्डवर घेतलं, तिने त्याच्याबरोबर ते गायलं, आणि तीच पिंक फ्लॉइडच्या कोरसमध्येही उभी राहिली. खुद्द एल्टन जॉन प्रसिद्ध होण्याआधी ‘हॉलीज’ या ग्रुपच्या गाण्यात पियानो वाजवून गेला होता. रिक वेकमनने बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स?’मधला पियानो वाजवला आणि मग ‘येस’ या बँडबरोबर जाऊन स्वतःच तारा झाला. या लोकांतला मला सगळ्यात लाडका क्रिस स्पेडिंग. लहान मुलांच्या गोष्टीतले कचरा वेचणारे केसाळ प्राणी म्हणजे वोम्बल्स. त्यांच्या नावाने निघालेल्या गाण्यांत तो त्या प्राण्याचा पोशाख घालून गिटार वाजवत होता. १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स या महाउर्मट पंक बँडची पहिली डेमो ध्वनिमुद्रणं करून दिली तीही त्यानेच.

मराठी वाचकासाठी दोन नावं इथे सांगायलाच हवीत. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या रेकॉर्डच्या वेष्टनावर तबल्यासमोर नाव छापलं आहे: अनिल भागवत. बाहेरून आलेल्या वादकाचं नाव छापणं ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. ज्या गाण्यात त्यांचा तबला आहे, त्यातल्याच दुसऱ्या भारतीय वादकांची नावं छापलेली नाहीत. दुसरे केशव साठे. मुंबईहून लंडनला गेलेले हे तबलावादक १९६० च्या दशकात इंडो-जॅझ फ्यूजन्समध्ये वाजवत होते, आणि १९७७ मध्ये जॉन रेनबर्नच्या ‘अ मेड इन बेडलम’ या इंग्रजी लोकसंगीताच्या रेकॉर्डवर त्यांचा तबला आहे. जुन्या इंग्रजी चालींखाली तो इतका सहज बसतो की ज्याला सांगितलं नाही त्याच्या लक्षातही येऊ नये.

तिघांचे सहाशे चोवीस

माणसं महाग असतील तर यंत्राने माणसं वाढवता येतात का? स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘टेन सीसी’ या ग्रुपने १९७५ मध्ये ‘आय ॲम नॉट इन लव्ह’साठी हे करून दाखवलं. हे चौघे आधी स्वतःच सेशनवाले. कुणाच्याही नावाखाली गाणी करून देत.

टेपची रुंदी म्हणजे रस्ता समजा. आधी त्याला चार पदर होते, मग आठ, मग सोळा. प्रत्येक पदरावर वेगळा आवाज मुद्रित करता येतो आणि शेवटी सगळे एकत्र वाजवता येतात. तिघांनी एकच सूर सोळा वेळा गायला: अठ्ठेचाळीस आवाज. असे तेरा सूर: सहाशे चोवीस. प्रत्येक सुराच्या टेपची टोकं चिकटवून माळ केली, म्हणजे तो सूर न थांबता वाजत राहील. मग मिक्सरच्या पट्ट्या वरखाली सरकवत, हार्मोनियमच्या पट्ट्या दाबाव्यात तसा, तो अख्खा जमाव ‘वाजवला’. मधे कुजबुजणारा बाईचा आवाज हवा होता. तेवढ्यात स्टुडिओत काम करणारी कॅथी रेडफर्न फोन आल्याचं सांगायला दबक्या आवाजात दारातून डोकावली. आवाज सापडला.

सुराचा मालक कोण?

आता पुन्हा गवंड्याकडे. मालकाने नकाशा दिला आणि गवंड्याने भिंत उभी केली, तर मजुरीत हिशोब मिटतो. पण मालक म्हणाला, इथे काहीतरी छान कर, आणि गवंड्याने स्वतःच्या डोक्याने कमान काढली, आणि लोक घर बघायला त्या कमानीसाठीच येऊ लागले तर?

जानेवारी १९७३, ॲबी रोड. पिंक फ्लॉइडला एका गाण्यावर बाईचा आवाज हवा होता. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने क्लेअर टॉरीचं नाव सुचवलं. शनिवारी तिच्याकडे चक बेरीच्या कार्यक्रमाची तिकिटं होती, म्हणून रविवार ठरला. रविवारचा दर दुप्पट: ३० पौंड. शब्द नव्हते, चाल नव्हती, ठिपके तर अजिबात नव्हते. विषय मृत्यू, एवढं सांगितलं. तिने आधी नेहमीसारखं ‘बेबी, बेबी’ करून पाहिलं. त्यांनी नको म्हटलं. मग तिने ठरवलं, आपण वाद्य आहोत असं समजायचं. दोन-तीन टेक झाले, आणि हे काही ते वापरणार नाहीत असं मनाशी म्हणत ती घरी गेली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या रेकॉर्डवर गायिका म्हणून तिचं नाव छापलं गेलं. त्या गाण्याचा रचनाकार म्हणून ग्रुपमधल्या एकट्या रिचर्ड राइटचं. २००४ मध्ये तिने दावा लावला. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गाण्याच्या रचनाकारांत तिचंही नाव येतं.

मग बेकर स्ट्रीटचं काय? २०११ मध्ये रॅफर्टीचं जुनं डेमो ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं. त्यात तीच सुरावट आहे, पण गिटारवर, रॅफर्टीची. म्हणजे नकाशा मालकाचाच होता. रॅव्हन्सक्रॉफ्टने त्यात फुंकर घातली, हे मोठं काम. पण कायदा सुरांचा क्रम मोजतो, फुंकर मोजत नाही. डेमो ऐकल्यावर मला तरी वाटतं की कायद्याचं माप इथे अगदीच तोकडं आहे. गिटारवरची ती सुरावट ऐकून कुणी मान वर करून पाहिलं नसतं. रॅव्हन्सक्रॉफ्टला स्वतःचं ते वादन आवडत नसे, ही आणखी एक गंमत. सूर किंचित उतरलेला आहे, असं तो म्हणायचा.

| चौकट: एका गाण्याचे पैसे कुणाकडे जातात? |
|---|
| रचनेचे पैसे: शब्द आणि चाल ज्यांची, त्यांना. रेकॉर्ड खपली, रेडिओवर लागली, दुसऱ्याने गायली, तरी दर वेळी. ‘वाइल्ड साइड’च्या बासवाल्या फ्लॉवर्सचा यात वाटा नाही. पण क्लाइव्ह डनने गायलेलं, १९७१ चं पहिल्या क्रमांकाचं ‘ग्रँडॅड’ हे बालिश गाणं त्याने दुसऱ्याबरोबर स्वतः लिहिलेलं होतं, तिथे आहे. |
| रेकॉर्डच्या विक्रीतला हिस्सा: कंपनी आणि ज्याच्या नावाने रेकॉर्ड निघते तो कलाकार. |
| सेशनची फी: साथीचे वादक आणि गायक. एकदाच. |
| प्रसारणाचा मोबदला: रेडिओ-टीव्हीवर रेकॉर्ड वाजली की साथीदारांनाही वाटा. ब्रिटनमध्ये हा हक्क कायद्याने १९९६ मध्ये आला. |

पन्नास वर्षांनंतरचा चेक

२०१३ मध्ये ब्रिटनने ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांवरून सत्तर वर्षांवर नेला. त्याचा मोठा फायदा कंपन्यांना होणार, हे उघड होतं. म्हणून सोबत अट आली: ज्या साथीदारांना एकरकमी फी देऊन मोकळं केलं होतं, त्यांच्यासाठी या वाढीव वर्षांतल्या विक्रीच्या उत्पन्नातले २० टक्के दरवर्षी बाजूला काढायचे. गवंड्याला भाड्यात वाटा, पन्नास वर्षं उलटल्यावर.

वाटा घ्यायचा तर आपण तिथे होतो हे दाखवावं लागतं. रेकॉर्डवर नाव नाही, ग्रुपचं नाव खोटं, कंपनी तीनदा विकली गेलेली, आणि त्या दिवशी दुपारी दोन ते पाच नेमकं कोणतं गाणं वाजवलं ते वाजवणाऱ्यालाही तेव्हा माहीत नसायचं. कागदावर बरेचदा शीर्षकच नसे. अशा वेळी कामी येतात त्या खिशातल्या जुन्या डायऱ्या: तारीख, स्टुडिओ, वेळ, आणि फिक्सरने पैसे दिल्याची खूण.

हिशोब प्रसिद्धीच्या वर्षाच्या अखेरीपासून धरतात. १९७३ च्या रेकॉर्डांची पन्नास वर्षं २०२३ च्या शेवटी भरली. हर्बी फ्लॉवर्स सप्टेंबर २०२४ मध्ये गेला. ‘बेकर स्ट्रीट’ची पाळी २०२९ मध्ये येईल; राफेल रॅव्हन्सक्रॉफ्ट २०१४ मध्येच वारला.